मार्व्हलचे सिनेमे कोणत्या क्रमाने बघायचे? रिलीज ऑर्डर, टाइमलाइन ऑर्डर आणि आमच्या घरात चाललेली तिसरी ऑर्डर

"मार्व्हल बघायला सुरुवात करायची आहे, पण कुठून करू?" हा प्रश्न मला दर महिन्यात कुणी ना कुणी विचारतंच. कधी कॉलेजमधला ज्युनिअर, कधी भाईंदर स्टेशनवर लोकलची वाट बघताना भेटलेला शाळेतला मित्र. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगवेगळं लिहून पाठवण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

घाईत असाल तर उत्तर आधीच देतो. पहिल्यांदा बघत असाल तर सिनेमे ज्या क्रमाने थिएटरला लागले त्याच क्रमाने बघा. कथेतल्या सालांप्रमाणे लावलेली यादी, म्हणजे टाइमलाइन ऑर्डर, ही दुसऱ्यांदा बघणाऱ्यांसाठी आहे. आणि वेळ कमी असेल तर १२ सिनेमांची छोटी यादी खाली दिली आहे.

आता हे मी इतकं ठामपणे का सांगतोय? कारण उलटं करून मी माझ्याच आईचा सिनेमा वाया घालवलाय.

आधी हे क्रमाचं प्रकरण काय आहे ते समजून घेऊ

आपल्याकडचा सुपरहिरो म्हटला की क्रिश आठवतो. त्याचे सिनेमे तीनच: 'कोई... मिल गया' (२००३), 'क्रिश' (२००६) आणि 'क्रिश ३' (२०१३). इथे गोंधळ फक्त नावाचा आहे. 'क्रिश २' नावाचा सिनेमाच नाही, त्यामुळे ॲपवर शोधत बसू नका. 'कोई... मिल गया' हा पहिला भाग धरला की 'क्रिश ३' हा बरोबर तिसरा होतो. कथा वडिलांपासून मुलाकडे सरळ जाते, सिनेमे आले तेही त्याच क्रमाने. त्यामुळे ऑर्डरचा प्रश्नच येत नाही.

मार्व्हलचं तसं नाही. २ मे २००८ ला अमेरिकेत 'आयर्न मॅन' लागला. त्यानंतर वेगवेगळ्या हिरोंचे वेगवेगळे सिनेमे येत गेले आणि ते एकमेकांत गुंफले गेले. 'आयर्न मॅन'पासून २०१९ च्या 'स्पायडर-मॅन: फार फ्रॉम होम'पर्यंत एकूण २३ सिनेमे होतात. या भागाला 'इन्फिनिटी सागा' म्हणतात. सगळ्यांची लांबी मी एकदा बेरीज करून बघितली, जवळजवळ ५० तास होतात.

या २३ मध्ये काही सिनेमे मागच्या काळात घडतात. 'कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर' आला २०११ मध्ये, पण गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली, १९४० च्या दशकातली. 'कॅप्टन मार्व्हल' आला ८ मार्च २०१९ ला, म्हणजे 'एंडगेम'च्या बरोबर सात आठवडे आधी, आणि गोष्ट १९९५ सालातली. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'चा दुसरा भाग २०१७ चा, पण तो पहिल्या भागानंतर काही महिन्यांतच घडतो, म्हणजे कथेत २०१४ सालच चालू असतं. 'ब्लॅक विडो' २०२१ मध्ये आला आणि तो घडतो 'सिव्हिल वॉर'नंतर लगेच, २०१६ मध्ये.

त्यामुळे लोकांनी दोन याद्या केल्या. एक सिनेमे लागले त्या तारखांची. दुसरी कथेतल्या सालांची. दुसरी यादी दिसायला फार आकर्षक असते. वाटतं, अरे वा, सगळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ कळेल. डिस्ने प्लसवरही टाइमलाइनप्रमाणे लावलेली रांग आहे, त्यामुळे ती 'अधिकृत' वाटते. मलाही तसंच वाटलं होतं.

लॉकडाउनमधली माझी चूक

आम्ही भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या बाजूला राहतो. आई एका स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगचं काम करते. भाईंदरमध्ये असे गाळे किती आहेत ते इथल्यांना सांगायला नको. सकाळी आठला निघाली की संध्याकाळी सात. घरी आली की स्वयंपाक, आणि नंतर तिची मालिका. मी काय बघतो याच्याशी तिचा कधी संबंध आला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये गाळा बंद झाला आणि आई घरी बसली. त्याच वेळी, ३ एप्रिल २०२० ला, डिस्ने प्लस हॉटस्टारवर सुरू झालं आणि मार्व्हलचे बरेच सिनेमे एका ठिकाणी, हिंदीत मिळायला लागले. एक दिवस आईच म्हणाली, "तू ज्याच्यासाठी पहाटेच्या शोला गेला होतास ना, ते दाखव बघू मला." ती 'एंडगेम'बद्दल बोलत होती. २६ एप्रिल २०१९ ला तो आपल्याकडे लागला तेव्हा पहिल्याच दिवशी ५० कोटींच्या वर कमाई झाली होती आणि थिएटरवाल्यांनी पहाटेचेही शो लावले होते. मी घरात कुणाला न सांगता गेलो होतो, म्हणून तिच्या लक्षात.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. नेटवर एक टाइमलाइनची यादी शोधली आणि तिच्यासाठी सगळं 'सोपं' व्हावं म्हणून त्याप्रमाणे सुरू केलं. पहिला 'द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर'. तो तिला आवडला, किडकिडीत पोरगा तिला आमच्या मामासारखा वाटला. दुसरा 'कॅप्टन मार्व्हल'. सिनेमा संपला, नावं सुरू झाली आणि मधे तो छोटा सीन आला. (मार्व्हलच्या बहुतेक सिनेमांत नावांच्या मधे किंवा शेवटी असा एक तुकडा असतो. त्याला पोस्ट-क्रेडिट सीन म्हणतात.)

त्या सीनमध्ये काय आहे ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्यात काही माणसं, बहुतेक आईने तोपर्यंत न पाहिलेली, एका खोलीत पडक्या चेहऱ्याने उभी असतात. तो सीन २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर' नंतरचा आहे. थिएटरमध्ये ज्यांनी बघितला त्यांनी 'इन्फिनिटी वॉर' वर्षभरापूर्वीच पाहिला होता. आईसाठी तो आयुष्यातला दुसरा मार्व्हल सिनेमा होता.

"ही कोण माणसं? आणि एवढं काय झालंय यांना?"

मी काहीतरी गोलगोल सांगितलं. पण आई आहे ती. तिने पुढचे वीसएक सिनेमे तो प्रश्न डोक्यात ठेवला. दोन महिन्यांनी आम्ही 'इन्फिनिटी वॉर'च्या शेवटाला पोचलो. मी स्क्रीनकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होतो. ती शांतपणे म्हणाली, "हे तू मला आधीच दाखवलं होतंस ना. त्या मांजरवाल्या सिनेमात." आणि पाणी प्यायला उठली.

'एंडगेम' तिने बघितला, पण चुली-भांड्याची कामं करत करत. गाळाही तोपर्यंत सुरू झाला होता.

टाइमलाइन ऑर्डर नेमकी कुठे फसते

माझी चूक झाल्यावर मी बसून सगळं तपासलं. अडचण कथेत नाही, शेवटच्या तुकड्यांत आणि दिग्दर्शकाने तुम्हाला काय माहीत आहे असं गृहीत धरलंय त्यात आहे. प्रत्येक सिनेमा हा 'त्या तारखेपर्यंत प्रेक्षकाने काय पाहिलंय' हे धरून लिहिलेला असतो. कथेतलं साल काहीही असो.

'कॅप्टन मार्व्हल'चं सांगितलंच. दुसरं उदाहरण 'अँट-मॅन अँड द वास्प'. हा जुलै २०१८ चा, 'इन्फिनिटी वॉर'नंतर दोन-अडीच महिन्यांनी आलेला. पण यातली गोष्ट 'इन्फिनिटी वॉर'च्या थोडी आधी आणि त्याच सुमारास घडते. म्हणून काही याद्या त्याला आधी टाकतात. त्या याद्यांवर विश्वास ठेवलात तर नावांच्या मधल्या एका मिनिटात 'इन्फिनिटी वॉर'चा शेवट तुमच्या हातात येतो. तिसरा 'ब्लॅक विडो'. टाइमलाइनवाले त्याला 'सिव्हिल वॉर'च्या नंतर बसवतात. कथा तिथे बसतेही छान. पण त्याचा शेवटचा सीन 'एंडगेम'च्या नंतरचा आहे आणि तो 'एंडगेम'मधली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट फोडतो.

हे तीन मोठे खड्डे. याशिवाय छोटं नुकसान होतं ते वेगळंच. निक फ्युरी या माणसाच्या एका डोळ्यावर पट्टी असते. 'द विंटर सोल्जर'मध्ये (२०१४) तो डोळा कसा गेला याचा उल्लेख तो मोठ्या गंभीरपणे करतो आणि आपण मनात काहीतरी भयंकर चित्र उभं करतो. पाच वर्षांनी 'कॅप्टन मार्व्हल' ते खरं कसं झालं ते दाखवतो. हा पाच वर्षं शिजवलेला विनोद आहे. उलट क्रमाने बघितलात तर 'विंटर सोल्जर'मधला गंभीरपणा हास्यास्पद होतो आणि 'कॅप्टन मार्व्हल'मधला विनोद विनोदच राहत नाही. तसंच 'आयर्न मॅन'च्या शेवटी अंधारातून फ्युरी पहिल्यांदा पुढे येतो, तेव्हा 'हा कोण?' असं वाटायला हवं. ज्याने आधी 'कॅप्टन मार्व्हल' पाहिलाय त्याला तो दोन तास ओळखीचा असतो.

आपल्याला हे खरं तर नवं नसायला हवं. महाभारताची कथा सांगितली जाते तीच मुळी जनमेजयाच्या सर्पसत्रात, युद्ध होऊन पिढ्या उलटल्यावर, आणि तिथे बसून वैशंपायन मागची गोष्ट सांगतो. घटना घडल्या त्या क्रमात आणि सांगितल्या त्या क्रमात फरक असतो, आणि सांगणाऱ्याने तो मुद्दाम ठेवलेला असतो.

'स्टार वॉर्स'वाल्यांचा हा वाद तर मार्व्हलपेक्षा जुना आहे. १९७७ मध्ये आलेला पहिला सिनेमा हा कथेत चौथा भाग. १९९९ ते २००५ मध्ये पहिले तीन भाग आले. आधीपासून बघितलं तर १९८० च्या सिनेमातलं मोठं रहस्य फुटतं. शेवटी रॉड हिल्टन नावाच्या प्रोग्रामरने २०११ मध्ये एक वेगळाच क्रम सुचवला, 'मशेटे ऑर्डर' म्हणून तो प्रसिद्ध आहे: आधी ४ आणि ५, मग फ्लॅशबॅक समजून २ आणि ३, आणि शेवटी ६. पहिला भाग त्याने सरळ गाळलाच. मला यातली 'फ्लॅशबॅक' ही कल्पना फार आवडली. पुढे ती आमच्या घरच्या यादीत कामाला आली.

पूर्ण यादी, रिलीजप्रमाणे

पहिला टप्पा: आयर्न मॅन (२००८), द इनक्रेडिबल हल्क (२००८), आयर्न मॅन २ (२०१०), थॉर (२०११), कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर (२०११), द अ‍ॅव्हेंजर्स (२०१२).

दुसरा: आयर्न मॅन ३ (२०१३), थॉर: द डार्क वर्ल्ड (२०१३), कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर (२०१४), गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी (२०१४), अ‍ॅव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन (२०१५), अँट-मॅन (२०१५).

तिसरा: कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर (२०१६), डॉक्टर स्ट्रेंज (२०१६), गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी भाग २ (२०१७), स्पायडर-मॅन: होमकमिंग (२०१७), थॉर: रॅग्नारोक (२०१७), ब्लॅक पँथर (२०१८), अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर (२०१८), अँट-मॅन अँड द वास्प (२०१८), कॅप्टन मार्व्हल (२०१९), अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम (२०१९), स्पायडर-मॅन: फार फ्रॉम होम (२०१९).

यात माझ्या मते एकच बदल करायला हरकत नाही. 'गार्डियन्स'चा दुसरा भाग पहिल्याला लागूनच बघा. कथा सलग आहे, गाणी डोक्यात ताजी असतात आणि काहीही फुटत नाही. बाकी जसं आहे तसं.

वेळ नाही? मग ही १२ ची यादी

आता प्रामाणिकपणे बोलू. ५० तास सगळ्यांकडे नसतात. परीक्षा असते, नोकरी असते, घरात एकच टीव्ही असतो. माझी छोटी यादी अशी: आयर्न मॅन, थॉर, द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर, द अ‍ॅव्हेंजर्स, द विंटर सोल्जर, गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी, एज ऑफ अल्ट्रॉन, सिव्हिल वॉर, रॅग्नारोक, ब्लॅक पँथर, इन्फिनिटी वॉर, एंडगेम. साडेसत्तावीस तासांच्या आत-बाहेर. दर रविवारी एक धरला तर तीन महिने.

'थॉर' काही फार भारी सिनेमा नाही, पण 'अ‍ॅव्हेंजर्स'मधला व्हिलन लोकी त्यातूनच येतो, म्हणून ठेवलाय. 'डॉक्टर स्ट्रेंज' गाळताना जिवावर आलं. त्याची तोंडओळख 'रॅग्नारोक'मध्ये होते तेवढ्यावर काम भागतं. स्पायडर-मॅन आणि ब्लॅक पँथर दोघंही 'सिव्हिल वॉर'मध्ये पहिल्यांदा दिसतात, त्यामुळे तो कुठल्याही परिस्थितीत गाळू नका. 'डार्क वर्ल्ड' गाळलात तर मी तुमच्याशी भांडणार नाही, फक्त 'एंडगेम'मधला एक भाग बघताना "हे कधी झालं?" असं वाटेल, तेवढं सहन करा.

जास्तीचे चार तास काढता आले तर 'इन्फिनिटी वॉर' आणि 'एंडगेम'च्या मधे 'अँट-मॅन अँड द वास्प' आणि 'कॅप्टन मार्व्हल' घाला. अगदी थिएटरला लागले तसेच. 'इन्फिनिटी वॉर'च्या धक्क्यानंतर मधे थोडा श्वास मिळतो, आणि 'कॅप्टन मार्व्हल' हा 'फ्लॅशबॅक' म्हणून तिथे इतका नेमका बसतो की त्याच्या शेवटच्या सीनने अंगावर काटा येतो. आईच्या अंगावर यायला हवा होता तो.

एंडगेमच्या पुढे काय?

इथून यादी पसरट होते, कारण वेब सिरीज आल्या. सगळं बघायची गरज नाही. ज्या सिनेमासाठी जे लागतं तेवढंच बघा, असं माझं मत आहे.

'डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस' (२०२२) बघायचा तर आधी 'वांडाव्हिजन' ही नऊ भागांची सिरीज हवीच, नाहीतर मुख्य पात्र असं का वागतंय तेच कळत नाही. 'द मार्व्हल्स'साठी (२०२३) 'मिस मार्व्हल'. 'स्पायडर-मॅन: नो वे होम'साठी (२०२१) आधीचे पाच स्पायडर-मॅन, म्हणजे २००२, २००४, २००७ चे आणि २०१२, २०१४ चे 'अमेझिंग'वाले. सोनीने ते वेगळे बनवले होते, तरीही बघा. जुने व्हिलन ट्रेलरमध्येच दिसले होते, त्यामुळे हे सांगून मी काही फोडत नाहीये. 'डेडपूल अँड वोल्व्हरिन'साठी (२०२४) आधीचे दोन 'डेडपूल', 'लोगन' (२०१७) आणि जमलं तर 'लोकी' सिरीज.

गंमत 'हल्क'ची आहे. २००८ चा 'द इनक्रेडिबल हल्क' हा सगळेच गाळतात, मीही वर गाळला. त्यातला हल्कचा नटही नंतर बदलला. पण २०२५ चा 'कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला तो थेट त्या १७ वर्षं जुन्या सिनेमाची पात्रं घेऊन. थिएटरमध्ये माझ्या बाजूचा मुलगा मित्राला विचारत होता, "हा हिरवट डोक्याचा कोण?" त्यामुळे 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' बघणार असाल तर 'हल्क' आणि 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' ही सिरीज आधी. 'थंडरबोल्ट्स'साठी (२०२५) 'ब्लॅक विडो' आणि तीच सिरीज.

पुढचा मोठा सिनेमा 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे'. त्याची जाहीर झालेली तारीख १८ डिसेंबर २०२६ आहे, आणि रॉबर्ट डाउनी ज्युनिअर त्यात डॉक्टर डूम होऊन परत येतोय. २०२५ चा 'द फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स' त्याच्याआधी बघून ठेवा.

फोनवर बघणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी

हे सिनेमे सध्या मुख्यतः जिओहॉटस्टारवर आहेत (फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक झाले तेच). प्लॅन घेण्याआधी त्यात हॉलिवूडचं कंटेंट येतं का आणि टीव्हीवर चालतं का, हे दोन प्रश्न तपासा. स्वस्तातला मोबाइल प्लॅन घेऊन नंतर टीव्हीला जोडायला जाणारे माझ्या ओळखीत तीन जण आहेत. स्पायडर-मॅनचे हक्क सोनीकडे असल्यामुळे ते सिनेमे दुसऱ्या ॲपवर सापडतात आणि जागा बदलत राहतात. त्यामुळे यादीत तिथपर्यंत पोचायच्या आधी एकदा शोधून ठेवा, ऐनवेळी गाडी अडते.

डेटाचं गणित. मध्यम दर्जाच्या व्हिडिओला तासाला पाऊण जीबी धरा. सव्वादोन-अडीच तासांचा सिनेमा म्हणजे पावणेदोन जीबीच्या आसपास, 'एंडगेम' तीन तासांचा म्हणजे सव्वादोन. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर क्लायमॅक्सला चक्र फिरायला लागणार हे नक्की. घरच्या किंवा मित्राच्या वायफायवर रात्री डाउनलोड करा. पूर्ण २३ सिनेमे एकदम उतरवायला जाऊ नका, ३५-४० जीबी जागा लागेल, आणि बऱ्याच ॲपमध्ये डाउनलोडला मुदत असते. दोन-दोन करत पुढे जा. भाईंदरहून चर्चगेटला स्लो लोकलने जाणाऱ्याला येऊन-जाऊन एक सिनेमा आरामात होतो. अर्थात उभं राहायला जागा मिळाली तर.

सगळ्यात महत्त्वाचं: नावं सुरू झाली की ॲप सिनेमा लहान करून कोपऱ्यात टाकतं आणि पुढचा काहीतरी सुचवतं. घाईत त्यावर बोट पडलं की शेवटचा सीन गेला. लहान झालेल्या चौकटीवर टॅप करा, परत मोठा होतो. आणि ॲप जो 'पुढचा' सुचवतं तो तुमच्या यादीतला पुढचा असेलच असं नाही. यादी नोट्समध्ये चिकटवून ठेवा आणि बघून झालेल्यावर खूण करा.

टेलिग्रामवरच्या फायलींबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगतो. बेकायदा तर आहेच, पण आपल्या विषयापुरतं बोलायचं तर त्या फायलींत अनेकदा शेवटची नावं कापलेली असतात. म्हणजे ज्यासाठी हा सगळा क्रम पाळायचा तेच नसतं. वर 'ही ॲप टाका मग दिसेल' म्हणून एपीके येते ती वेगळीच डोकेदुखी.

भाषा. 'एंडगेम' आपल्याकडे इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला, मराठी त्यात नव्हती. हिंदी डबिंग चांगलं आहे. टोनी स्टार्कला राजेश खट्टर यांचा आवाज आहे आणि तो इतका बसलाय की आईला मूळ आवाज ऐकवला तर ती म्हणाली, "हा कुणीतरी दुसराच बोलतोय." 'सिव्हिल वॉर'च्या हिंदीत मात्र कॅप्टन अमेरिकाला वरुण धवन आणि स्पायडर-मॅनला टायगर श्रॉफचा आवाज दिला होता. आवाज अचानक बदलला तर घाबरू नका, तुमचा फोन बिघडलेला नाही.

स्पॉयलरपासून वाचायचं असेल तर एक्सवर 'म्यूट केलेले शब्द' ही सेटिंग आहे, तिथे सिनेमाची आणि पात्रांची नावं टाका. इन्स्टाग्रामवरही सुचवलेल्या पोस्टसाठी शब्द टाकून त्या लपवता येतात. यूट्यूबवर मार्व्हलचा एक व्हिडिओ बघितलात की दहा येतात आणि थंबनेलच सगळं सांगून मोकळं होतं. तिथे मालिका संपेपर्यंत मार्व्हल शोधूच नका, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

हॉरर-कॉमेडीवाल्यांसाठी दोन ओळी

हल्ली 'स्त्री' आणि 'मुंज्या'बद्दलही विचारलं जातं. तिथेही तोच नियम: स्त्री (२०१८), भेडिया (२०२२), मुंज्या (२०२४), स्त्री २ (२०२४), थामा (२०२५). 'मुंज्या' कोकणातला आणि आपल्या आदित्य सरपोतदारचा, म्हणून घरोघर लोक तोच आधी लावतात. लावा, गोष्ट स्वतंत्र आहे. पण शेवटचा सीन समजायला 'भेडिया' पाहिलेला हवा.

आणि आमची तिसरी ऑर्डर

गेल्या वर्षी मावशीची मुलगी दहावीची परीक्षा देऊन सुट्टीला आमच्याकडे आली. तिने मार्व्हलमधलं काहीच बघितलेलं नव्हतं. या वेळी मी शहाणा झालो होतो. वरची १२ ची यादी, रिलीजप्रमाणे, मधे ते दोन जास्तीचे. रोज रात्री जेवण झाल्यावर एक. आई म्हणाली, "मला सगळं माहितीये, तुम्ही बघा." पण तिसऱ्या दिवसापासून भाजी निवडायचं ताट घेऊन ती आमच्या मागे येऊन बसायला लागली.

'इन्फिनिटी वॉर' संपला तेव्हा बहीण उशी तोंडावर दाबून बसली होती. नावं संपेपर्यंत कुणी बोललं नाही. मी मागे वळून बघितलं तर आई टीव्हीकडे नाही, तिच्याकडे बघत होती. मला म्हणाली, "असं बसायचं होतं होय रे? मग मला का नाही बसवलंस?"

पुढच्या रात्री 'अँट-मॅन'च्या वेळी गाळ्यातून यायला तिला उशीर झाला. आम्ही थांबलो होतो.

सध्या तिच्यासोबत एंडगेमनंतरचं चालू आहे. तिचा टीव्हीचा वेळ आठवड्यात एकच, म्हणून 'वांडाव्हिजन' दोन-दोन भाग करत बघतोय. पहिले भाग जुन्या विनोदी मालिकांच्या थाटात, काळे-पांढरे आहेत. ते बघून तिने विचारलं, टीव्हीचा रंग गेला का. तुम्हीही लावाल तेव्हा सेटिंगमध्ये शोधत बसू नका, तो तसाच आहे, पुढे रंगीत होतो.